अकरा मिनिटं मागं, तरी बरोबर: उज्जैनची वेधशाळा

मी घड्याळजी. इंदूरला राजवाड्यामागच्या एका गल्लीत वडिलांपासूनचं दुकान आहे. इतकं अरुंद, की दोन गिऱ्हाइकं आली तर तिसऱ्यानं पायरीखाली उभं राहायचं. चाळीस वर्षं डाव्या डोळ्याला भिंग चिकटलेलं आहे. लग्नाच्या कार्यालयात शिरलं की लोक आधी पानं कुठं मांडलीत ते बघतात, मी भिंतीवरचं घड्याळ किती मागं पडलंय ते बघतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच नजरेनं लिहिलेलं आहे.

उज्जैन आमच्यापासून 55 किलोमीटर. पुण्या-ठाण्याहून पाहुणे आले की आमची फेरी ठरलेली: पहाटे निघायचं, महाकाल, हरसिद्धी, कालभैरव, मंगलनाथ, सांदीपनी, आणि रात्री परत येऊन सराफ्यात भुट्ट्याचा कीस. अशा किमान तीस फेऱ्या झाल्या असतील. जयपूरच्या राजा सवाई जयसिंगाची दगडी यंत्रांची वेधशाळा तिथंच, शहराच्या दक्षिणेला क्षिप्रेच्या काठी आहे हे माहीत होतं, पण कधी पाय वळला नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसानं शेजारच्या गावातलं सगळ्यात जुनं चालू घड्याळ बघू नये, ही शरमेची गोष्ट. माझा मेहुणा तर उज्जैनातच राहतो, बँकेतून निवृत्त झालाय. त्यालाही विचारलं तर म्हणाला, "भाऊजी, रोज मॉर्निंग वॉकला तिकडूनच जातो की." आत? "आत कशाला?"

शेवटी नेलं ते नातवानं. आठवीत आहे. कुठून तरी ऐकून आला की 21 जूनला उज्जैनला सावली गायब होते. "आबा, चला ना." मी म्हटलं, बारा वाजता बघायचं ना, मग दहाला निघू. इथंच माझी पहिली चूक झाली. ती कशी ते पुढं येईलच.

दुसरी चूक रिक्षावाल्याची. म्हणजे माझीच. स्टेशनाबाहेर ई-रिक्षात बसून "वेधशाला" म्हणालो. तो "हां हां, बैठो बाबूजी" म्हणाला आणि गावाच्या भलत्याच टोकाला एका कोचिंग क्लासच्या दारात उतरवून पैसे मागायला लागला. वाद घातला तेव्हा कळलं, की तिथं लोक त्या जागेला जंतर मंतर म्हणतात, जुनी माणसं यंत्र महल म्हणतात. सरकारी नाव जीवाजी वेधशाळा. तुम्ही जंतर मंतर म्हणा, थेट पोचाल.

पावणेबाराला घामाघूम होऊन पोचलो. शाळांची पोरं, कॉलेजची पोरं, दोन-चार माझ्यासारखे टोपीवाले. सगळे एका गोल ओट्याभोवती. हे शंकुयंत्र. ओट्याच्या मधोमध एक सरळ खांब, आणि ओट्यावर सात रेषा कोरलेल्या. खांबाच्या सावलीचं टोक वर्षाच्या कुठल्या टप्प्याला कोणत्या रेषेवरून सरकतं ते त्यावरून कळतं. 22 डिसेंबरची रेषा सगळ्यात लांबची. 21 मार्च आणि 23 सप्टेंबरची रेषा फुटपट्टीनं आखावी तशी सरळ, बाकीच्या वाकड्या. हे यंत्र जयसिंगाच्या वेळचं नाही. वेधशाळेचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे यांनी ते नंतर उभं करवलं. त्यांच्याबद्दल पुढं लिहिणार आहेच.

बारा वाजले. माझं मनगटावरचं घड्याळ सकाळीच फोनशी मिळवून आणलेलं, सेकंदाचाही फरक नाही. सावली मात्र आहेच, चांगली वितभर. मी नातवाकडं बघून म्हटलं, झालं, आपली फसगत. तेव्हा तिथल्या मार्गदर्शकांनी हसून सांगितलं, "अंकल, ये बारा तो मिर्ज़ापुर के हैं. हमारे बारा अभी बजे नहीं."

चाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं ज्या वेळेला लावतोय ती 82 अंश 30 कला रेखांशाची वेळ. ती रेषा जाते मिर्झापूरजवळून. उज्जैन 75 अंश 46 कलांवर. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे आमचा सूर्य तिथल्यापेक्षा सुमारे 27 मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. हे शाळेत शिकलो होतो, पाठही होतं, पण पोटात कधी उतरलं नव्हतं. शिवाय त्या दिवशी सूर्य स्वतः आणखी पावणेदोन मिनिटं मागं होता. दोन्ही मिळून 12 वाजून 28 मिनिटं.

सव्वाबारापर्यंत सावली कमी कमी होत खांबाच्या पायाशी आली आणि 12 वाजून 24 मिनिटांनी ढग आला. मालव्यातला जून आहे, यायचाच. पोरांनी एका सुरात "अरे यार" केलं. कुणीतरी वरुणदेवाला फोन लावायचा अभिनय केला. 26, 27, 28. मी घड्याळाकडं बघत उभा, काट्यावर काहीच करता येत नाही अशी ही एकच वेळ माझ्या आयुष्यात आली. 12 वाजून 31 मिनिटांनी ऊन पडलं. तीन मिनिटं उशीर.

आणि सावली नव्हतीच! खांबाच्या बुडाशी बोटभरही नाही. पोरं उड्या मारून आपापल्या चपलांखाली सावली शोधत होती. नातू एका पायावर उभा राहून ओरडत होता, "आबा, मी भूत झालो." नंतर घरी कागदावर मांडलं तेव्हा लक्षात आलं, की तीन मिनिटांत सूर्य जेमतेम पाऊण अंशानं कलतो आणि मीटरभर काठीची सावली फार तर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पडते. म्हणजे तो नेमका क्षण ढगानं खाल्ला म्हणून हळहळायचं कारण नाही. कुठं लिहून ठेवलेलं मिनिट चुकलं म्हणून परत फिरणार असाल, तर फिरू नका. पुढची-मागची पाच मिनिटं धरून चाला.

आता घड्याळजीचा किडा. मेहुण्याला मी जेवताना म्हटलं, सावली शून्य होते हे खोटं आहे. तो म्हणाला, "भाऊजी, आमरस घ्या." पण हिशेब असा आहे. कर्कवृत्त आज 23 अंश 26 कलांवर आहे आणि ही वेधशाळा त्याच्या दक्षिणेला, 23 अंश 10-11 कलांवर. म्हणजे 21 जूनला सूर्य उज्जैनच्या डोक्यावरून किंचित पुढं, उत्तरेला गेलेला असतो. किती? पाव अंशाहून थोडा जास्त. आणि सूर्याची चकती अर्ध्या अंशाची. याचा अर्थ तिचा मध्य नव्हे, पण कड जवळजवळ तुमच्या टाळूच्या रेषेत. मीटरभर काठीची साडेचार मिलिमीटर सावली दक्षिणेला पडायला हवी, पण चकतीच्या रुंदीमुळं सावलीची कड तेवढीच पुसट होते, म्हणून डोळ्याला शून्य दिसतं. बरोब्बर डोक्यावर सूर्य इथं येतो तो 12 जूनच्या आणि परतताना 29 जूनच्या आसपास. गर्दी नको असेल तर 12 ला जा. पावसाचाही धोका कमी.

खऱ्या कर्कवृत्तावर उभं राहायचं असेल तर महिदपूर तालुक्यात डोंगला गाव आहे, उज्जैनच्या उत्तरेला. तिथंही आता वेधशाळा आहे. त्या जागेशी विष्णु श्रीधर वाकणकरांचं नाव जोडलेलं आहे. तेच, भीमबेटकाची चित्रं जगापुढं आणणारे, आपले नीमचचे वाकणकर. अजून मी गेलो नाही. पण एक मौज सांगतो: पृथ्वीचा कल हळूहळू कमी होतोय, त्यामुळं कर्कवृत्त दरवर्षी 14-15 मीटर दक्षिणेला सरकतं. डोंगल्याकडून उज्जैनच्या दिशेनं. पोचायला साधारण दोन हजार वर्षं लागतील. एवढी उशिरा येणारी वस्तू मी आजवर एकच बघितलीय, इंदूरच्या एका डीलरकडून मागवलेला स्पेअर पार्ट.

जूनमधली ती भेट म्हणजे जत्रा होती. यंत्रं नीट बघायला मी दिवाळीनंतर पुन्हा गेलो, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, कार्तिकातली अष्टमी बघून. पाऊस धुऊन गेलेलं आकाश, ऊन कोवळं, माणसं नावाला. जायचं तर तेव्हाच.

सम्राट यंत्र म्हणजे दगडी जिना, जो कुठंच जात नाही. दोन भिंतींच्या मधून पायऱ्या वर चढतात आणि संपतात. पाहुणे त्यावर चढून फोटो काढतात आणि उतरतात, बस. पण यंत्र ती पायरी नाही, त्या भिंतींच्या कडा आहेत. कडेचा चढ उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणजे कड पृथ्वीच्या आसाला समांतर. दोन्ही बाजूंना पाव वर्तुळासारखे दोन कमानी पंख, त्यांवर तास आणि मिनिटांच्या खुणा. सकाळी कडेची सावली पश्चिमेच्या पंखावर वरून खाली सरकते, दुपारनंतर पूर्वेच्या पंखावर खालून वर.

मी वही काढली, फोन लावला. 11 वाजून 30 मिनिटं. यंत्र बघायला वाकलो आणि अडकलो. लांबून सुरीसारखी दिसणारी ती सावली जवळून बघितली तर तिला कडच नाही. काळं, मग करडं, मग फिकट, मग ऊन. कुठली खूण धरायची? त्या पुसट पट्ट्याची रुंदीच दोन मिनिटांची असते, कारण सूर्याला स्वतःच्या चकतीएवढं अंतर सरकायला दोन मिनिटं लागतात. मार्गदर्शकांनी बागेतली झाडूची एक काडी उचलली, पंखाच्या थोडी वर धरली आणि हळूहळू सरकवत नेली. काडीची सावली भिंतीच्या सावलीत बुडायला लागली की थांबायचं, पुन्हा बाहेर यायला लागली की थांबायचं, मधली जागा धरायची. माझ्या खिशात शर्टाच्या बटणाचा दोरा होता. तो दोन बोटांत ताणून धरला. काडीपेक्षा दोरा चांगला. श्वास रोखून तीनदा वाचलं. 11 वाजून 19. 11 वाजून 19. 11 वाजून 20 च्या आत.

हेअरस्प्रिंग सरळ करताना जसा हात धरावा लागतो तसाच धरावा लागला. मानेला रग लागली. आणि काय सांगू, तीनशे वर्षांपूर्वी आखलेल्या त्या आराखड्यात मला अर्ध्या मिनिटाचीही खोट सापडली नाही. 27 मिनिटं स्थानिक वेळेची मागं, त्यातून त्या आठवड्यात सूर्य 16 मिनिटं पुढं, उरली 11. म्हणजे यंत्र फोनच्या अकरा मिनिटं मागं होतं आणि बरोबर होतं.

हे सोळा मिनिटांचं काय, ते समजून घ्यायला मला आठवडा लागला. पंचांगवाले त्याला वेलांतर म्हणतात. पृथ्वीची वाट लंबगोल, त्यामुळं ती कधी भरभर चालते कधी सावकाश, आणि वर तिचा आस कललेला. या दोहोंमुळं सूर्याचा एक मध्यान्ह ते दुसरा मध्यान्ह हा काळ रोज बरोबर 24 तासांचा नसतो. थोडं थोडं साठत जातं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य 16 मिनिटं पुढं, फेब्रुवारीच्या मध्याला 14 मिनिटं मागं. वर्षात फक्त चारदा तो आणि आपलं घड्याळ एकमेकांशी जुळतात: एप्रिलच्या मध्याला, जूनच्या मध्याला, 1 सप्टेंबरच्या सुमारास आणि नाताळात. असं अर्धा तास झुलणारं घड्याळ मी कुणाला दुरुस्त करून दिलं असतं तर त्यानं ते काउंटरवर आपटलं असतं. म्हणून तर आपण सरासरी सूर्य काढला आणि भिंतीवर टांगला.

जयसिंगाकडं थोडं वळतो. सवाई जयसिंग माळव्याचा सुभेदार होता, त्यामुळं दिल्ली, जयपूर, काशी, मथुरा यांच्याबरोबर उज्जैनला वेधशाळा आली. मथुरेची आज उरलेली नाही. उज्जैन निवडण्यामागं दुसरंही कारण असणार: भारतीय ज्योतिषाची मध्यरेषा लंकेहून निघून उज्जैनवरून जाते असं जुने ग्रंथ धरून चालतात. आपलं हे जुनं ग्रीनिच. अरबांकडं तर उज्जैनचं नाव अपभ्रंश होत होत 'अरीन' झालं आणि नकाशाचा मध्य म्हणून तेच चाललं.

पण मला जयसिंग आवडला तो वेगळ्या कारणानं. त्यानं आधी पितळेची यंत्रं करवून पाहिली होती. ती त्याला पटेनात. आकार लहान, म्हणून मिनिटांच्या खुणा पाडता येत नाहीत. अक्ष झिजतो, मध्य सरकतो, यंत्र हलतं. ही तक्रार त्यानं आपल्या ग्रहकोष्टकांच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलीय. अशा कोष्टकांना फारसीत 'झीज' म्हणतात. आता आमच्या धंद्यात झीज म्हणजे काय हे मला विचारा! घड्याळ बिघडतं ते नव्वद टक्के वेळा पिव्हट झिजल्यामुळं. तांदळाच्या कणीहून बारीक ते टोक, अहोरात्र फिरणार, तेल सुकलं की खाऊन जाणार. ते वाचवायला आपण माणकाचे खडे बसवतो, 17 ज्युएल, 21 ज्युएल. जयसिंगानं काय केलं, तर फिरणारा भागच काढून टाकला. यंत्र दगडाचं, एका जागी. फिरायचं काम सूर्याला. पिव्हटच नाही तर झिजणार काय? ही युक्ती कळली तेव्हा त्या जिन्यापुढं उभा राहून मी खरोखर कानाला हात लावला.

दगडही मोडतोच म्हणा. दोन शतकांत ही वेधशाळा पडीक झाली होती. 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करवला आणि आपट्यांना अधीक्षक नेमलं. आमच्या भाषेत सांगायचं तर दोनशे वर्षांनी घड्याळ सर्व्हिसिंगला आलं आणि पुन्हा चालू झालं. जुन्या वास्तूचा रंग काढून तिला संग्रहालय करणं वेगळं, आणि तिच्याकडून पुन्हा रोज काम करून घेणं वेगळं. इथं दुसरं झालं. आजही इथून दरवर्षी ग्रहस्थितीचं पंचांग छापून निघतं. आपट्यांचं नाव इंदूरच्या मराठी घरांत किती जणांना माहीत असेल? मला तरी नव्हतं. आमच्या गल्लीत आपटे म्हटलं की सोडा-लेमनचं दुकान.

बाकीच्या यंत्रांत नाडीवलय बघाच. उभी, पण विषुववृत्ताशी समांतर कललेली जाड दगडी चकती, तिला दोन तोंडं, एक उत्तरेला एक दक्षिणेला. जूनमध्ये आलो तेव्हा उत्तरेच्या तोंडावर ऊन होतं आणि दक्षिणेचं तोंड सावलीत, गार. हात लावून बघितलं होतं. नोव्हेंबरमध्ये बरोबर उलटं. सहा महिने एक तबकडी चालते, सहा महिने दुसरी. डबल डायलचं घड्याळ, चावी न देता. दिगंश यंत्र गोल आहे, आत शिरून उभं राहायचं, ग्रहाची दिशा आणि उंची मोजायला. ते मला फारसं बोललं नाही. भित्ती यंत्राचं तसंच. भिंतीवरच्या चापांवर मध्यान्हीच्या सूर्याचं डोक्यापासूनचं अंतर वाचतात, पण आम्ही तिकडं वळलो तोवर मध्यान्ह टळली होती, माझाच दोऱ्याचा खेळ लांबला होता.

परिसरात आता एक नवीन घड्याळही उभं आहे. 2024 च्या फेब्रुवारीत सुरू झालेलं वैदिक घड्याळ, 85 फुटी बुरुजावर. त्यात दिवस सूर्योदय ते सूर्योदय, 30 मुहूर्तांचा, एक मुहूर्त 48 मिनिटांचा. लोक त्याच्यापुढं सेल्फी काढत होते. मीही काढला, नातवानं काढायला लावला. पण खरं सांगू, त्याला वीज लागते. मी विजेच्या घड्याळांचे सेल बदलूनच पोट भरतो, त्यामुळं तोंड वाकडं करणार नाही. फक्त एवढंच, की त्याच्याकडं बघताना मला दोरा लागला नाही.

आता रात्रीचं. आकाश निवळलेलं असेल तेव्हा वेधशाळेत दुर्बिणीतून दाखवतात, पण आधी फोन करून विचारून जा. आम्ही संध्याकाळची वेळ साधली. अष्टमीचा चंद्र मुद्दाम निवडला होता, कारण पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून भाकरीसारखा सपाट दिसतो. अर्ध्या चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा उन्हात आणि पोटं काळोखात. मी भिंग लावायच्या सवयीनं डावा डोळा लावला आणि उजवा उघडाच ठेवला. रांगेतल्या ताई म्हणाल्या, "काका, एक आँख बंद करो." ताई, चाळीस वर्षं दोन्ही उघडे ठेवूनच काम करतोय. तुम्हीही करून बघा, डोळा शिणत नाही. विवराच्या काठाचं ते तासलेपण, जुन्या स्विस घड्याळाच्या प्लेटवर फाइल मारल्यावर दिसतं ना, तसंच.

मग शनी. त्या साली त्याची कडी जवळजवळ आडवी झालेली होती, कडेनं दिसणारी. नातवानं डोळा लावला, बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाला, "आबा, शनीला सुई टोचलीय." आणि बाजूला एक टिंब, तो त्याचा चंद्र टायटन. बस, एवढंच. चित्रात बघतो तसा रंगीत, थाटाचा शनी दिसेल या आशेनं जाणार असाल तर जाऊ नका. मुलांना आधी समजावून न्या, नाहीतर ती मोबाइलमध्ये याहून चांगला दिसतो म्हणतात, आणि म्हणतातही बरोबरच. रांगेत तासभर उभं राहून दोन सेकंदांचं टिंब. पण ते टिंब तुमच्या स्वतःच्या डोळ्यात पडलेलं असतं.

निघायच्या आधी एक गोष्ट केली, ती तुम्हीही करा. सम्राट यंत्राच्या दक्षिण टोकाला, पायऱ्यांच्या पायथ्याशी नातवाला उकिडवं बसवलं आणि म्हटलं, भिंतीच्या कडेवर डोळा ठेव, बंदुकीचा नेम धरतात तसा, वर बघ काय आहे. शहराचा उजेड होता, चंद्रही होता. त्याला आधी काही दिसेना. मग म्हणाला, "एकच तारा आहे, बारीकसा." तोच ध्रुव. दिवसा सूर्य ज्या कडेवरून वेळ सांगतो, ती कड रात्री ध्रुवाकडं बोट दाखवते. हे मला दिवसा मार्गदर्शकांनी सांगितलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं. पण पोरगं तिथं बसून सांगत होतं तेव्हा मेहुणा, तोच, तीस वर्षं बाहेरून जाणारा, गुडघ्यांचं दुखणं विसरून त्याच्याशेजारी खाली बसला. उठवायला दोघं लागलो.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. महाकालाच्या फेरीत हे कोंबू नका, अर्ध्या तासात नुसता दगड दिसतो. किमान दोन तास काढा, आणि मध्यान्हीच्या अर्धा तास आधी पोचा. ऊन नसेल तर यंत्रं मुकी, म्हणून जुलै ते सप्टेंबर टाळलेलंच बरं. टोपी, पाणी, दोरा. सूर्याकडं थेट बघू नका, मुलांना बघू देऊ नका. काम सगळं सावलीचं आहे. सम्राट यंत्राजवळ वेळेची दुरुस्ती किती करायची त्याचं कोष्टक लावलेलं आहे, ते आधी वाचा, नाहीतर माझ्यासारखं मिर्झापूरचे बारा धरून बसाल. आणि मार्गदर्शकांना प्रश्न विचारा. आम्हाला भेटले त्यांनी काडी उचलली नसती तर मी हे काहीच लिहिलं नसतं.

घरी आल्यावर नातवानं गच्चीत पाण्याच्या टाकीशेजारी ओळंबा लावून एक गज रोवलाय आणि खडूनं खुणा करत बसतो. त्याचा मध्यान्ह मी माझ्या वहीतल्या उज्जैनशी ताडून बघतो. इंदूर जरासं पूर्वेला, म्हणून आमची दुपार उज्जैनच्या वीसेक सेकंद आधी व्हायला हवी. खडूच्या जाडीत ते वीस सेकंद कुठं हरवतात कळत नाही. त्याला पेन्सिल आणून दिलीय.

आता 23 सप्टेंबरचं ठरलंय, पावसानं उघडीप दिली तर. त्या दिवशी नाडीवलयाच्या दोन्ही तोंडांवर ऊन नसतं, सूर्य नेमका कडेच्या रेषेत, आणि शंकूच्या सावलीचं टोक त्या सरळ रेषेवरून चालतं. मेहुण्याला कळवलं. त्यानं विचारलं, "भाऊजी, जेवण आधी की नंतर?" मध्यान्ह 12 वाजून 19 मिनिटांनी आहे म्हटलं. नंतरच.